पोरगा ओरडतो म्हणून

लाइफ जॅकेट ओलं होतं. आदल्या फेरीतल्या कुणाच्या तरी पाठीचा घाम, डिझेल आणि खारं पाणी असा मिळून एक वास त्याला येत होता. नारिंगी रंग उन्हाने विटलेला, आतले फोमचे तुकडे हाताला टोचणारे, आणि कमरेच्या पट्ट्याचं बकल गायब होऊन तिथे कुणीतरी पांढरी नाडी ओवलेली. परकराची असते ना, तशी. गेटवेच्या पायऱ्या उतरून लाँचमध्ये पाय टाकला की समोरच असल्या जॅकेटांचा ढीग आणि ढिगाशी विशीतला एक खलाशी. "घाला काका, घाला ताई. घातल्याशिवाय सुटणार नाय लाँच."

जानेवारी २०२५ ची गोष्ट. मी, बायको आणि सासरे, तिघं मांडव्याला निघालो होतो. तिथून अलिबाग, पुढे चौल. सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. वय ७८. मुंबईच्या गोदीत ३४ वर्षं टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजातून उतरणारा आणि जहाजात चढणारा माल मोजून लिहिणारा माणूस. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आमच्याकडे मुलुंडला राहिले होते, त्यांना घरी सोडायला चाललो होतो.

मी जॅकेट अंगात घातलं, पण नाडी बांधली नाही. जुन्या काळचे लोक सदऱ्यावर जाकीट चढवायचे तसं नुसतं अडकवलं. लाँच नांगरलेल्या यॉटींमधून बाहेर पडली, गेटवेची कमान काडेपेटीएवढी झाली, आणि मी ते काढून सरळ बुडाखाली घेतलं. लाकडी बाक, तासाभराचा प्रवास आणि माझं वजन. आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. कुणी उशी केली होती, कुणी बाळाच्या दुपट्यासारखं मांडीवर पसरलं होतं. एका मुलीने मात्र जॅकेट नीट घातलं, चारपाच सेल्फी काढले आणि मग तेही उतरलं.

आप्पांनी मात्र बुशशर्टावर ते चढवून नाडीला दुहेरी गाठ मारली होती. गाठ ओढून पाहिली होती. एवढ्या बारीक अंगावर ते जॅकेट म्हणजे कासवाची पाठ उलटी लावल्यासारखं दिसत होतं.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला कशाला हवं हे? तुमचं तर आयुष्य पाण्यावर गेलं."

"मला कशाला हवंय?" ते म्हणाले. "तो पोरगा ओरडतो म्हणून. उगाच त्याला मालकाची बोलणी बसायची."

मला हे उत्तर तेव्हा नुसतं गोड वाटलं. म्हातारा माणूस, दुसऱ्याच्या नोकरीची काळजी. त्यात आणखी काही असेल हे लक्षात यायला रविवार उजाडावा लागला.

आता जरा लाज बाजूला ठेवून सांगतो. त्याआधी जेमतेम महिनाभर, १८ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारच्या सुमारास याच गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली होती. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. पंधरा माणसं गेली. ‘नीलकमल’ला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची, आणि बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. एका प्रवाशाने मोबाइलवर टिपलेली ती चित्रफीत मी घरी सोफ्यावर बसून दहा वेळा तरी पाहिली असेल. ती पांढरी बोट वळसा घेते आणि थेट आपल्याकडेच यायला लागते. दहाही वेळा मी मनात म्हटलं होतं, अरे, जॅकेटं तरी घालायची. आणि चार आठवड्यांनी त्याच पाण्यावर मी स्वतः ते जॅकेट बुडाखाली घेऊन बसलो होतो.

का? भीती नव्हती म्हणून, असं मला म्हणता येणार नाही. मी वरच्या डेकला गेलो नाही, कठड्याजवळ बसलो नाही, बायकोला चारदा "आत सरक" म्हणालो. भीती होतीच. पण समोरच्या बाकावर तीनचार तरुण मुलं पाय पसरून बसली होती, त्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं, आणि पन्नाशीतल्या माणसाने गळ्यापर्यंत नाडी आवळून त्यांच्यासमोर तासभर बसायचं याची मला लाज वाटत होती. बस्स, एवढंच. बुडण्यापेक्षा हसं होण्याची भीती जास्त. निष्काळजीपणा म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याचा पुष्कळसा भाग म्हणजे ही लाज असते असं मला आता वाटतं. ज्याला खरोखर पर्वा नाही असा माणूस फार थोडा. बाकीचे आपल्यासारखे, शेजारच्याकडे बघून ठरवणारे.

आणि कायद्याचा उपयोग होत असेल तर इथेच होतो. माणसाला शहाणं करणं कायद्याला जमत नाही. पण घाबरलेल्या माणसाला एक चांगली सबब तो देऊ शकतो.

मुंबईत हेल्मेट घालणारा कुणीही, "मला डोकं फुटायची भीती वाटते" असं सांगताना मी ऐकलेलं नाही. "पुढे नाक्यावर मामा उभा असेल" असंच सांगतात. गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावणं आपल्याकडे २०२२ पर्यंत जवळजवळ हास्यास्पद होतं. त्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. माझा एक मित्र, ज्याने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तो आता मागे बसला की पट्टा लावतो आणि लावताना न चुकता सरकारला एक शिवी देतो. त्या शिवीशिवाय त्याला पट्टा लावता येणार नाही. शिवी दिली की भित्रेपणाचा आळ जातो. (त्याच मित्राच्या ड्रायव्हरने पुढच्या सीटला नुसतं बकल विकत आणून खोचून ठेवलंय, म्हणजे गाडी टिंगटिंग करत नाही. सबबीच्या वरताण सबब.)

लोकलच्या दाराचं तसं नाही. दारात लटकणं, पायरीवर उभं राहणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे. तो गुन्हा मी रोज सकाळी ८.१२ ला केला आहे, वर्षानुवर्षं. त्या कलमाने मला एक दिवसही आत ढकललं नाही. ढकललं ते एसी लोकलने. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, दारं आपोआप बंद होऊ लागली, आणि दारातला शूर आणि आतला भित्रा हा भेदच त्या गाडीत उरला नाही. पण समुद्राला दार कुठून लावणार? लाँचमध्ये मधल्या मध्ये माणूसच उभा राहतो, नाडी बांधा म्हणून सांगणारा.

सबबीचं हे म्हणणं मी हवेत करत नाहीये. अमेरिकेत मनोरंजनासाठी बोट चालवणाऱ्यांना केंद्रीय कायदा सांगतो की माणशी एक जॅकेट बोटीवर असलं पाहिजे. बोटीवर असलं पाहिजे. तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घालावं, मोठ्यांनी आपलं आपण बघावं. तिथल्या तटरक्षक दलाची २०२३ ची आकडेवारी अशी की बोटींच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ते बाकाखाली, पेटीत, कुणाच्या तरी बुडाखाली असणार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २००५ च्या अखेरीस दुसरा मार्ग धरला. लहान बोटींत जॅकेट अंगातच पाहिजे, नाहीतर दंड. आधी शंभरातले बावीस लोक घालायचे, दोन वर्षांनी त्रेसष्ट घालायला लागले. नियमाआधीच्या सहा वर्षांत तिथे बोटीवरचे ५९ जण बुडाले होते, नंतरच्या पाच वर्षांत १६. दोन वर्षांत त्या लोकांच्या स्वभावात काही क्रांती झाली असेल असं मला वाटत नाही. "पोलीस दंड लावतात यार" असं म्हणायची सोय झाली, एवढंच.

आणि त्रेसष्ट म्हणजे सदतीस जणांनी तरीही घातलं नाहीच. त्यांचं काय करायचं हे व्हिक्टोरियालाही सापडलेलं नाही.

जॅकेटमागचं गणितही साधं आहे. पाण्यात आपलं वजन फारसं उरत नाही. बहुतेक मोठ्या माणसांना नाक पाण्याबाहेर ठेवायला तीन ते साडेपाच किलोंच्या वरच्या ओढीची गरज असते, बाकीचं काम पाणीच करतं. म्हणजे तो गचाळ, वासाचा फोम आपल्याला पुरून उरतो. अट एकच, तो अंगाला आवळलेला पाहिजे. नाडी सुटी असली तर जॅकेट वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो, जॅकेट कानाशी आणि तोंड पाण्यात. आणि बुडाखालचं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालू म्हणणाऱ्याने एकदा घरच्या बादलीत हात बुडवून शर्टाची बटणं लावून बघावीत.

मांडव्याच्या वाटेवर थंडीत कुरव येतात. सीगल म्हणा. लाँचच्या मागे, बाजूने, हाताच्या अंतरावर तरंगत राहतात आणि लोक त्यांना गाठिया, कुरकुरे, वेफर्स असलं काहीही खायला घालतात. त्या दिवशी डाव्या बाजूला थवा आला आणि अख्खा वरचा डेक डावीकडे धावला. पावलांचा आवाज आमच्या डोक्यावरून सरकत गेला. मग खालचेही उठले. एक बाई कडेवरचं मूल घेऊन बाकावर चढली आणि मुलाच्या मुठीत गाठिया देऊन त्याचा हात कठड्याबाहेर धरला. लाँच डावीकडे कलली. फार नाही. बाटलीतलं पाणी तिरकं दिसावं इतकीच. पण समोरच्या उघड्या चौकटीतून मघाशी आकाश दिसत होतं तिथे आता पाणी दिसायला लागलं.

तांडेलाने भोंगा दिला. तो नाडीवाला पोरगा धावत आला. "बसा! खाली बसा सगळे! एका अंगाला येऊ नका. ओ ताई, पोराला आत घ्या!" लोक बसले. कुणीतरी म्हणालं, "केवढा ओरडतो, पैसे दिलेत ना आम्ही." बाई बसली, मुलाने भोकाड पसरलं, कुरव दुसऱ्या बाजूला गेले.

१३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांची बोट उलटली होती, तीन मुली गेल्या. सेल्फीसाठी मुलं एका बाजूला जमली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. उंचावरचं वजन एका कडेला गेलं की होडी आधी हळूहळू कलते, आपण हसतो, आणि एका ठिकाणानंतर ती आपल्याला न विचारता उरलेलं करून टाकते. म्हणून ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ हे शब्द मला होडीच्या बाबतीत पटतच नाहीत. रस्त्यावर हेल्मेट न घालणारा फुटला तर निदान डोकं त्याचं असतं. लाँचमध्ये गाठिया कुणीतरी टाकतं आणि कलतो तो सगळा गाव.

आमच्या लाँचच्या उजवीकडे एक मालवाहू जहाज नांगरून उभं होतं. अर्धं रिकामं असावं, कारण तांबड्या रंगाचा मोठा पट्टा पाण्यावर दिसत होता. आप्पांनी नव्या डोळ्यांनी ते निरखलं आणि मला कोपराने ढोसलं. "ती खूण दिसली? गोल आणि मधून आडवी रेघ. तिच्या बाजूला शिडीसारख्या छोट्या रेघा. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, आपल्याकडच्या उष्ण समुद्राची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. रेघ पाण्याखाली गेली की संपलं, मग एक गोणही चढवायची नाही. मी लिहायचा थांबायचो."

"आणि कुणी चढवायचा म्हणालं तर?"

"म्हणायचे ना. पण रेघ तिथे आहे, माझ्या हातात काय आहे? असं सांगायचं."

बघा, इथेही सबबच.

ही रेघ सॅम्युअल प्लिम्सॉल या ब्रिटिश खासदाराच्या नावाने ओळखली जाते. कुजकी जहाजं, वर भरभक्कम विमा आणि आत नको तेवढा माल असा धंदा त्या काळी चालायचा. जहाज पोचलं तर नफा, बुडालं तरी नफा, खलाशी मात्र मरायचे. प्लिम्सॉलने पार्लमेंटमध्ये आकांडतांडव केलं आणि १८७६ च्या कायद्याने रेघ सक्तीची झाली. पण गंमत अशी की रेघ कुठे काढायची ते मालकाने ठरवायचं! एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली अशी गोष्ट सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडलं. चौदा वर्षं जहाजांच्या अंगावर कायदा होता, पण नुसता रंगवलेला.

म्हणून नियम आला म्हणताच माझा जीव भांड्यात पडत नाही. १९१७ चा अंतर्गत जहाज कायदा जाऊन २०२१ चा नवा आला, त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, चालकाची पात्रता आहे, जीवरक्षक साधनं आहेत. कागद उत्तम आहे. पण ८४ च्या बोटीत एकशेकितीतरी माणसं चढताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोरूनच चढली. आणि एवढा मोठा अपघात झाल्यावर सर्वांत झटपट काय झालं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रवाशांना जॅकेट सक्तीचं. चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण ‘नीलकमल’मधल्या लोकांनी कुठला निष्काळजीपणा केला होता? तिकीट काढून बाकावर बसले होते. येऊन आदळली ती दुसरीच बोट. प्रवाशाला सांगणारा नियम स्वस्त असतो. ढीगभर फोम आणि एक पोरगा, झालं. गर्दीच्या जलमार्गात वेगाच्या चाचण्या कुठे घ्यायच्या, मोजून माणसं कोण चढवणार, पंचाऐंशीव्या माणसाला धक्क्यावरून परत कोण पाठवणार, हे नियम महाग पडतात. ‘प्रवासीच ऐकत नाहीत हो’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या अंगात जॅकेट आहे का, हे मी आता आधी बघतो.

आणि कायदा उलटाही पडतो. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जगभर ओरड झाली की जहाजावर सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौका हव्यात. ‘टायटॅनिक’वर होत्या त्या वीस नौका तेव्हाच्या नियमापेक्षा जास्तच होत्या, तरी निम्म्या माणसांनाच पुरणाऱ्या. अमेरिकेत १९१५ मध्ये तसा कायदा झाला. शिकागोच्या ‘ईस्टलँड’ नावाच्या सहलीच्या जहाजावर वरच्या डेकवर जास्तीच्या नौका चढल्या. मुळातच डोईजड असलेलं ते जहाज २४ जुलै १९१५ च्या सकाळी धक्क्याला बांधलेलं असतानाच नदीत आडवं झालं. ८४४ माणसं मेली. काठ हाताच्या अंतरावर होता. मी हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? वजन वर नेलं की असंच होणार. तुमच्या त्या कायदेवाल्यांत एक तरी गोदीतला होता का?"

चौलला पोचल्यावर जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. त्या भागात समुद्राचा विषय ‘रामदास’वर आल्याशिवाय संपत नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सणाला गावी निघालेल्या चाकरमान्यांनी गच्च भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मोठी लाट आली, लोक एका अंगाला धावले आणि बोट कलली, असं सांगतात. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, त्या गडबडीत मुंबई हे विसरली. अलिबाग तालुका विसरला नाही. माझ्या आजेसासूबाई त्यानंतर पावसाळ्यात कधी पाण्यावरून मुंबईला गेल्या नाहीत. पेणवरून एसटीने जायच्या, वाटभर ओकत. कुणी म्हटलं, बोटीने तासाभरात पोचाल, तर म्हणायच्या, "नारळ पडू दे आधी."

नारळ पडू दे. सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, कागदावर, अधिसूचनेसकट. पण त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हे कोळ्यांत ठरलेलं. हा नियम कुणी लिहिला नाही, दंड नाही. पण आषाढात घरात पैसा संपलेला असताना, शेजारचा कुणी "चल, जाऊन येऊ" म्हणत असताना, न जाणाऱ्या माणसाला तो केवढा आधार देत असेल. ‘मला भीती वाटते’ असं न म्हणता त्याला घरी बसता येतं. देवाचं आहे, नारळ पडला नाही अजून. याहून शहाणी सबब कुठल्या खात्याला सुचलेली मला माहीत नाही. अर्थात ऐन श्रावणात पौर्णिमेच्या आधीच गुपचूप होड्या काढणारेही असतात, हे आप्पांनी लगेच सांगितलं. त्यांना कुठलीच गोष्ट फार सुंदर झालेली खपत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. वाडीतल्या विहिरीवर मेव्हण्याची दोन मुलं पोहायला शिकत होती. जानेवारीत सकाळी विहिरीचं पाणी कोमट असतं, वर वाफ दिसते. पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधलेला, झाकण घट्ट, वर दोरीची फुली. आमच्या लहानपणी पत्र्याचा डबा असायचा. आप्पा काठावर उकिडवे बसून प्रत्येकाची गाठ स्वतः बांधत होते, ओढून पाहत होते, मगच "हं, मार" म्हणत होते. मुलं धपाधप उड्या टाकत होती. धाकटा ओरडला, "आजोबा, तुम्ही पण या ना!"

"डोळ्यात पाणी जाता कामा नये," आप्पा म्हणाले. "डॉक्टर ओरडेल."

सासूबाई मागे धुणं वाळत घालत होत्या. दोरीवरच्या चादरीआडून त्यांचा आवाज आला, "डॉक्टरला कशाला मधे घेता? त्यांना येतं कुठे पोहायला! चौतीस वर्षं गोदीत काढली, पण गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही अंगाला."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलंच नाही असा चेहरा केला. थोरल्याच्या पाठीवरची गाठ सैल झाली होती, ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली. दुहेरी.

परत येताना मी आणि बायको, दोघंच. मांडव्याच्या जेट्टीवर तसाच ढीग, तसाच ओला वास. मी जॅकेट घेतलं, घातलं, नाडी सापडत नव्हती ती शोधून पुढे ओढली आणि बांधली. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता, ऑफिसची बॅग मांडीवर, जॅकेट बुडाखाली. त्याने माझ्या गाठीकडे बघितलं आणि किंचित हसला.

"काय करणार," मी म्हटलं, "तो पोरगा ओरडतो हो."

त्याने मान वळवून पाहिलं. पोरगा आमच्याकडे पाठ करून दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता आणि वडापाव खात होता.